बूस्टर बदलला, पेडल का बिघडलं?

"बूस्टर मोठा टाकला, पण पेडल आधीपेक्षा खाली जातंय." पिकअप आणि छोट्या ट्रकची कामं होतात अशा गॅरेजात ही तक्रार वरचेवर येते. तक्रार करणाऱ्याची बाजू समजून घेण्यासारखी असते. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे क्रेट भरायचे, अंधार पडताना कसारा घाट उतरायचा आणि पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात गाडी लावायची, असा ज्याचा रोजचा धंदा आहे, त्याच्या उजव्या पायाची पिंडरी घाट संपेपर्यंत भरून येते. मग कुणीतरी सुचवतं, या गाडीला याहून मोठा बूस्टर बसतो, टाकून घे. बूस्टर येतो, बसतो, आणि पहिल्याच फेरीला पेडल नरम लागतं, नाहीतर दगडासारखं कडक लागतं, नाहीतर पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. पैसे गेले ते गेले, वर घाटाची धास्ती वाढली.

बूस्टर तुमच्या पायाचं बळ वाढवतो, बाकी काही करत नाही. एवढी एक गोष्ट मनात पक्की ठेवली तर निम्मी शोधाशोध वाचते. पेडल कडक लागत असेल तर आधी व्हॅक्यूमची बाजू तपासा. पेडल नरम असेल किंवा खोल जात असेल तर ब्रेक ऑइलची बाजू, ड्रममधली ढिलाई आणि बूस्टर व मास्टर सिलिंडर यांच्यामधली छोटी दांडी तपासा. हा क्रम उलटा झाला की माणूस एकामागून एक पार्ट बदलत बसतो.

हे सगळं तेलाचे ब्रेक आणि व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाड्यांबद्दल आहे: पिकअप, छोटा हत्ती, जुन्या ४०७. हवेच्या ब्रेकवर चालणाऱ्या मोठ्या ट्रकची रचना वेगळी असते, तिथे यातलं फारसं काही लागू होत नाही. आणि पेडलबद्दल शंका आहे तोवर गाडीत माल भरू नका. तपासणी सपाट जागेवर, चाकांना लाकडी ठोकळे लावून करायची.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा एक गोल डबा. आत रबरी पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. पाय पेडलवर नसतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतो. पेडल दाबलं की आतला व्हॉल्व्ह उघडतो आणि केबिनच्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते. एका बाजूला हवेचा दाब, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, त्यामुळे पडदा पुढे ढकलला जातो आणि त्याच्याबरोबर मास्टर सिलिंडरची दांडी पुढे जाते. ९ इंची बूस्टरच्या पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटीमीटर भरतं. पाऱ्याच्या ५०० मिलिमीटरइतका व्हॅक्यूम मिळाला तर त्यावर साधारण २७५ किलोचा जोर येतो. ११ इंची बूस्टरवर तोच हिशेब ४०० किलोच्या पुढे जातो. प्रत्यक्षात मधला भाग आणि स्प्रिंग यांमुळे आकडे थोडे कमी होतात, पण फरक दीडपटीचा आहे हे लक्षात येईल.

हा दीडपट जोर नेमका कुठे उपयोगी पडतो तेही सांगायला हवं. लहान बूस्टर एका मर्यादेपर्यंत मदत करतो. त्याच्यापुढे त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही आणि जो जोर वाढवायचा तो फक्त पायाने वाढवावा लागतो. भरलेली गाडी उतारावर आवरताना पेडल अचानक कडक झाल्यासारखं वाटतं, ते या मर्यादेमुळे. मोठ्या बूस्टरने ती मर्यादा पुढे सरकते. लायनर मात्र तेच, ड्रम तेच, टायरची पकडही तीच. लांब उतारावर तापलेल्या लायनरची पकड जाते, ती बूस्टर मोठा केल्याने परत येत नाही. त्याला एकच उपाय आहे, खालच्या गिअरमध्ये उतरणं.

आता तपासणी. पहिली तीन कामं कुठलंही हत्यार न घेता, ड्रायव्हरच्या सीटवर बसून होतात.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. आता पाय पेडलवर तसाच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. ते गेलं, तर बूस्टर मदत करतोय. पुष्कळ जण इथेच घाबरतात, "इंजिन चालू केलं की पेडल बसतं" म्हणतात. ही किंचित घसरण चांगल्या बूस्टरची खूण आहे. पेडल जराही हललं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाही, किंवा बूस्टर गेलेला आहे.

दुसरं, इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा आणि पेडल थांबून थांबून तीनदा दाबा. पहिल्यांदा सगळ्यात खोल जाईल, मग प्रत्येक वेळी थोडं थोडं वर राहील. तसं झालं तर बूस्टर व्हॅक्यूम धरून ठेवतोय. पहिल्यापासून तिन्ही वेळा पेडल सारखंच कडक राहिलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा एनआरव्ही, म्हणजे व्हॅक्यूम पाइपमधला एकदिशी व्हॉल्व्ह, काम करत नाही. तिसरं, इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा आणि तसंच दाबलेलं ठेवून इंजिन बंद करा. ३० सेकंद पेडलची उंची बदलता कामा नये. ते वर ढकललं जात असेल तर व्हॅक्यूम गळतोय. पेडल दाबताना क्षणभर "फुस्स" असा आवाज येणं ठीक आहे. पाय स्थिर असताना तो आवाज सतत येत राहिला तर ठीक नाही.

या तीन चाचण्यांत बूस्टर पास झाला आणि तरी पेडल नरम असेल, तर बूस्टर काढायचा नाही. तो पुन्हा काढून बघण्यात अर्धा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

पेडल कडक लागतं

आधी पाइप बघा. डिझेल इंजिनच्या इनटेकमध्ये ब्रेकला पुरेल असा व्हॅक्यूम नसतो, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीमागे बसवलेला असतो. तिथून बूस्टरपर्यंत येणारा रबरी पाइप नवीन बूस्टरच्या तोंडाला बसत नाही म्हणून दुसराच पाइप जोडलेला असतो, आणि घोळ नेमका तिथे होतो. साधा पाण्याचा किंवा डिझेलचा रबरी पाइप वापरला तर तो व्हॅक्यूमने आतून चपटा होतो. इंजिन चालू ठेवून पाइप बोटांनी चाचपा. मधेच पिचकल्यासारखा लागला तर तो बदलायचा. एनआरव्ही उलटा बसलेला असतो, हेही नेहमीचं. पंपाच्या बाजूने तोंडाने ओढल्यावर हवा आली पाहिजे आणि फुंकल्यावर अडली पाहिजे. एवढी तपासणी पुरते. फक्त व्हॉल्व्ह आधी पुसून घ्या, आत इंजिन ऑइल असतं.

व्हॅक्यूम गेज असेल तर टी जोडून माप घ्या. ते कमी आढळलं तर अल्टरनेटरचा पट्टा बघा. तो घसरत असेल तर चार्जिंगबरोबर व्हॅक्यूमही कमी पडतो, आणि हे दोन दोष एकाच पट्ट्याचे आहेत हे चटकन लक्षात येत नाही.

गेज चांगलं दाखवतं आणि तरी पेडल अधूनमधून कडक होतं, याचं कारण मोठा बूस्टर बसवणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवं. मोठ्या डब्यात हवा जास्त मावते. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की तेवढी जास्त हवा पंपाने पुन्हा ओढून काढायची असते. पंप तर जुन्या, लहान बूस्टरच्या हिशेबाचा. सावकाश चालवताना फरक कळत नाही. घाटात वळणावळणावर एकामागून एक ब्रेक लागले की तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल दगड होतं. गाडी उभी करून आयडलवर पेडल पाच-सहा वेळा पूर्ण, भरभर दाबून बघा. मधेच कडक झालं तर पंप पुरत नाही. उपाय दोन: जास्त क्षमतेचा पंप, किंवा एनआरव्ही असलेली व्हॅक्यूमची वेगळी टाकी. टाकीमुळे लागोपाठच्या दोन-तीन ब्रेकना साठा मिळतो, पण पंपच झिजला असेल तर टाकीचाही उपयोग होत नाही.

घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजून आहेत. त्यांना कळकळीने सांगतो, इंजिन बंद म्हणजे पंप बंद. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन ब्रेक लागतील, पुढे सगळा भार तुमच्या पायावर. जितका मोठा बूस्टर, तितकी त्याची सवय झालेल्या पायाची त्या क्षणी फसगत मोठी.

उंचीचाही परिणाम होतो. बूस्टरला ढकलते ती बाहेरची हवा, आणि वर गेलं की ती विरळ होते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर असतो, महाबळेश्वरच्या उंचीवर तो साधारण ६५० उरतो. पंप कितीही चांगला असला तरी तिथे मदत थोडी कमीच मिळणार. पेडल फक्त वर घाटमाथ्यावरच जरासं कडक लागत असेल आणि खाली उतरल्यावर ठीक होत असेल, तर त्यासाठी पार्ट बदलू नका.

पेडल खाली जातं

एका पिकअपचं उदाहरण देतो. ड्रायव्हरने दुसरीकडे मोठा बूस्टर बसवून घेतला होता. पेडल वरचं दीडेक इंच रिकामं जायचं, मग ब्रेक लागायचा. गाडी माझ्यासमोर आली तोवर दोन मास्टर सिलिंडर बदलून झाले होते. दोन्ही मास्टर चांगले होते. मी मास्टरचे दोन नट काढले, तो पाइपांसकट हलकेच पुढे ओढला आणि बूस्टरच्या तोंडातून बाहेर आलेल्या दांडीच्या टोकावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची एक गोळी चिकटवली. मास्टर परत बसवून नट आवळले, पेडलला हात न लावता पुन्हा काढला. गोळी जेवढी दबायला हवी तेवढी दबलीच नव्हती. टोकाला ३ मिलिमीटर जाड माती तशीच उरली होती.

या मातीच्या गोळीत पुष्कळ काही आहे. बूस्टरची दांडी आणि मास्टरचा पिस्टन यांच्यामध्ये अगदी थोडी फट लागते. बऱ्याच गाड्यांत ती अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपास असते, आणि अचूक आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. पेडल ही एक तरफ आहे. तिचं प्रमाण चारास एक धरलं तर दांडीपाशी ३ मिलिमीटर म्हणजे पायाखाली १२ मिलिमीटर, जवळजवळ अर्धा इंच रिकामी चाल. दुसऱ्या मॉडेलचा बूस्टर आणला की दांडीची लांबी क्वचितच जुळते, आणि बसवणाऱ्याने ती मापलेलीच नसते. त्या गाडीत मी दांडीच्या टोकाचा बोल्ट फिरवून फट कमी केली आणि अर्धा इंच तिथल्या तिथे परत मिळाला. उरलेला एक इंच मागच्या ड्रममध्ये सापडला, त्याबद्दल पुढे.

फट मापताना एक काळजी घ्या. इंजिन चालू झाल्यावर व्हॅक्यूमने बूस्टरचा पत्रा किंचित आत ओढला जातो आणि फट बदलते. म्हणून काही कंपन्या बूस्टरला ५०० मिलिमीटर व्हॅक्यूम देऊन माप घ्यायला सांगतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये तसं असेल तर तसंच करा. इंजिन बंद ठेवून फट शून्यावर आणली, तर रस्त्यावर ती शून्याच्याही खाली जाते आणि ब्रेक चिकटतात.

आता ड्रम. बहुतेक पिकअपना मागे ड्रम ब्रेक असतात. शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढली की शूला ड्रमपर्यंत पोचायला जास्त तेल लागतं, म्हणजे पेडल जास्त खाली जातं. ओळखायला सोपं आहे. हँडब्रेक मागच्या शूवर चालत असेल तर तो दोन-तीन दात ओढा आणि पेडल दाबा. पेडल लगेच वर आलं, तर दोष मागच्या शूच्या फटीत आहे. ॲडजस्टर आवळून चाक हाताने फिरवा. शू ड्रमला हलकेच घासल्याचा आवाज आला पाहिजे, चाक मात्र मोकळं फिरलं पाहिजे.

यानंतर हवा. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून तेलात हवा असली की पेडल स्पंजसारखं लागतं आणि दोन-तीनदा पंप मारल्यावर वर येतं. बूस्टर बदलताना मास्टर सोडवलेला असतो, त्यामुळे हवा शिरायला वाट मिळतेच. इथे एक फसवणूक होते ती समजून घ्या. इंजिन बंद असताना पेडल घट्ट लागतं, इंजिन चालू केलं की खोल जातं, म्हणून सगळे बूस्टरवर बोट ठेवतात. खरं असं, की इंजिन बंद असताना पायाचा एकट्याचा जोर त्या हवेला फारसं दाबू शकत नाही. बूस्टरची मदत मिळाली की दाब वाढतो आणि हवा आक्रसते. बूस्टर जितका मोठा, तितकी जुनी राहिलेली हवाही जास्त उघडी पडते. हीच गोष्ट फुगणाऱ्या जुन्या रबरी ब्रेक पाइपची. लहान बूस्टरखाली तो कसाबसा चालायचा, मोठ्याखाली फुग्यासारखा फुगतो. कुणाला पेडल दाबायला बसवा आणि चाकाजवळच्या पाइपाभोवती बोटं ठेवा, फुगत असेल तर हाताला कळतं.

मास्टर नवीन असेल किंवा रिकामा झाला असेल तर गाडीवर बसवण्याआधी बाकावर त्याची हवा काढावी. बेंच व्हाइसमध्ये त्याचा कडेचा कान धरायचा, दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं वरच्या ऑइलच्या डब्यात बुडवायची आणि बोथट दांडीने पिस्टन सावकाश ढकलायचा. बुडबुडे थांबेपर्यंत. मोठ्या बूस्टरमुळे मास्टरचं नाक वर उचललं गेलं असेल तर पुढच्या टोकाला हवा अडकते. अशा गाडीची हवा काढताना मागची चाकं थोड्या उंच जागेवर घेऊन मास्टर आडवा येईल असं बघा.

चाकांची हवा काढायला दोन माणसं लागतात. इंजिन बंद, बूस्टरमधला व्हॅक्यूम पेडल दाबून आधी संपवलेला. आपल्याकडे गाड्या उजव्या हाताच्या, मास्टर उजवीकडे, त्यामुळे सामान्यतः सगळ्यात लांबचं मागचं डावं चाक पहिलं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा दिला असेल तर तो पाळा. चाकावरच्या हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेल्याने "धरलं" म्हणायचं, तेव्हा खालच्याने निप्पल पाव आटा सोडायचा. बुडबुडे आले, ऑइल आलं, निप्पल आवळला, मग "सोड". निप्पल आवळण्याआधी पेडल सुटलं तर हवा परत आत जाते. घाईत हीच चूक होते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टरमध्ये पुढच्या भागाला गंज असतो, पेडल पूर्ण दाबलं की रबरी कप त्या खरखरीत भागावर जाऊन फाटतात आणि जो दोष नव्हता तो तयार होतो.

निप्पल नेहमी वरच्या बाजूला असला पाहिजे. डावं-उजवं कॅलिपर अदलाबदल होऊन बसलं की निप्पल खाली येतो, मग दिवसभर हवा काढली तरी ती वरच राहते. गाडीला एबीएस असेल तर त्याच्या युनिटमधली हवा काढायला काही मॉडेलना स्कॅनर लागतो. तिथे हट्ट न करता तशी सोय असलेल्या ठिकाणी गाडी न्यावी.

पिकअपमध्ये आणखी एक जागा असते. मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह आणि त्याला जोडलेली दांडी दिसेल. लोडप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा हा व्हॉल्व्ह. गाडी जॅकवर उचलून ॲक्सल लटकता ठेवला, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचं तेल अडवतो, त्यामुळे हवा नीट निघत नाही. मागची चाकं जमिनीवर ठेवून काम करा. जास्त माल भरता यावा म्हणून ज्यांनी पाटे वाढवलेत, त्यांच्या गाडीत तर लोड असतानाही ॲक्सल आणि बॉडीतलं अंतर फारसं कमी होत नाही. व्हॉल्व्ह मागे पुरेसा दाब सोडतच नाही, सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो, आणि मालक ब्रेक कमी लागतात म्हणून बूस्टर मोठा करायला निघतो. कितीतरी गाड्यांचा खरा आजार इथे असतो. दांडीचं सेटिंग मॅन्युअलप्रमाणे करून घेतलं तर कदाचित बूस्टर बदलायची वेळच येणार नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर किमान १४० अंश. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाट उतरून आल्यावर पेडल थेट खाली गेलं आणि गाडी थंड झाल्यावर आपोआप वर आलं, तर ऑइल उकळलं होतं. बूस्टर बदललाच आहे तर सगळं ऑइल नवीन भरा, झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच. हवा काढताना बाटलीत आलेलं ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी परत ओतू नका.

पाय स्थिर धरला असता पेडल हळूहळू बसत जातं, हा दोष वेगळा. बाहेर कुठे गळत नसेल तर मास्टरच्या आतले कप तेल सोडतात. आणि ऑइलची पातळी उतरते पण चारही चाकं कोरडी आहेत, असं झालं तर मास्टर काढून बूस्टरच्या तोंडात कापडाची वात घालून बघा. मास्टरच्या मागच्या सीलमधून झिरपणारं ऑइल बूस्टरमध्ये साठतं आणि नव्या डायफ्रॅमचं रबर खराब करतं.

सगळं बघून झालं आणि पेडल अजून लवचीक वाटतं? एकाला पेडल जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून मास्टरकडे बघा. मास्टर आणि बूस्टर मिळून पुढे सरकताना दिसले तर केबिनचा पत्रा किंवा बूस्टरचा ब्रॅकेट वाकतोय. मोठा बूस्टर बसवायला घरच्या घरी वेल्ड केलेल्या पातळ पट्ट्यांचे ब्रॅकेट मी पाहिले आहेत. असा ब्रॅकेट काढून टाकावा. ब्रेकच्या जागी वाकणारं लोखंड चालत नाही.

ब्रेक सुटत नाही

हा दोष सगळ्यात धोकादायक आणि सगळ्यात उशिरा लक्षात येणारा. गाडी गॅरेजातून निघते तेव्हा ठीक असते. आठ-दहा किलोमीटरवर ओढ कमी होते, पेडल वर आणि कडक होत जातं, जळका वास येतो. उतरून ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले तर चर्र आवाज करून उडतात. कारण बहुधा दांडी लांब असण्यात असतं. पाय काढल्यावर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे आला, तरच चाकांकडचं तेल एका बारीक छिद्रातून डब्यात परत जातं. दांडीने पिस्टनला केसभर जरी पुढे धरलं तरी छिद्र झाकलेलं राहतं. तेल तापतं, प्रसरण पावतं, त्याला जायला जागा नसते, आणि ब्रेक आपोआप लागत जातात.

अशी गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, चाकांना दगड लावा आणि मास्टरचे दोन नट थोडे सैल करा, मास्टर दोन-तीन मिलिमीटर पुढे येईल एवढेच. चाकं मोकळी झाली तर दांडी लांब आहे, किंवा पेडल मागे येत नाहीये. नाही झाली तर चिकटलेल्या चाकाचा निप्पल सोडा. तेल पिचकारीसारखं उडून चाक सुटलं तर त्या चाकाचा रबरी पाइप आतून सुजून बंद झालाय. ऑइल तापलेलं असतं, चेहरा बाजूला ठेवा. निप्पल सोडूनही चाक सुटलं नाही तर दोष त्या चाकातच आहे: जाम पिस्टन, तुटलेली स्प्रिंग, अडकलेली हँडब्रेकची केबल.

पेडल मागे येत नसेल तर ब्रेक लाइटचा स्विच बघा. नव्या बूस्टरने पेडलची जागा थोडी बदलते आणि जुना स्विच त्याला मधेच अडवतो. बूस्टरचा व्हॉल्व्ह मग किंचित उघडाच राहतो. पेडलला बोटाने दाबल्यावर काही मिलिमीटर मोकळी चाल लागलीच पाहिजे.

पेडल फार हलकं लागतं

यात बिघाड नसतो, पण रिकाम्या गाडीत जपावं लागतं. पावसात, रिकाम्या बॉडीने, पूर्वीच्याच जोराने पाय मारला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी फिरते. पहिले काही दिवस गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून पायाला नवीन अंदाज बसू द्या. बदली ड्रायव्हर बसणार असेल तर त्याला आधी सांगा.

काही जण पेडल हलकं झालं म्हणून जोडीला मोठ्या बोअरचा मास्टर टाकतात. पेडल खरोखर छोट्या चालीत घट्ट लागतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. २०.६४ मिलिमीटरच्या जागी २३.८१ मिलिमीटरचा मास्टर टाकला तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांशाने वाढतं, म्हणजे त्याच जोरात तेलाचा दाब पाव भागाने कमी होतो. बूस्टरने मिळवलेलं मास्टरने घालवलं. माझं मत विचाराल तर बूस्टर आणि मास्टर एकाच मॉडेलची जोडी घ्यावी आणि चाकांकडचे सिलिंडर मूळचेच असतील तर बोअर मुळीच बदलू नये.

शेवटी रस्त्यावरची चाचणी. आधी रिकामी गाडी, मोकळा सपाट रस्ता, ताशी २० किलोमीटर, मग ४०. दहा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या. हात लावायचा नाही, जवळ नेला की आच कळते. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर परत फिरा. सगळी सारखी असतील तर अर्धा माल, मग पूर्ण माल, आणि घाट त्याच्या नंतर. मालवाहू गाडीला फिटनेसला जावंच लागतं, तिथे ब्रेक तपासले जातात, त्यामुळे बूस्टरचं बिल आणि मॉडेल नंबर कागदपत्रांबरोबर ठेवा. आणि दांडीची जी फट ठेवली तिचा आकडा, तारखेसकट, ऑइल पेंटने बूस्टरच्या डब्यावर लिहा. पुढे कुणी मास्टर उघडला तर त्याला मातीची गोळी शोधत बसावं लागणार नाही.